हवा गेली की ब्रेक लागतो

सोमवार, ३

आलो एकदाचे! टेम्पोतून सामान उतरत होतं तेवढ्यात ठकी दोन्ही खोल्यांतून धावली, प्रत्येक भिंतीला हात लावून आली आणि जाहीर केलं की हे आपलं घर आहे. पाच वर्षांची पोर, पण तोरा घरमालकिणीचा. मेव्हण्याकडे तिला कशालाच हात लावायची सोय नव्हती. तिथे आम्ही तिघं एका खोलीत, त्याच खोलीत त्यांचं शिलाई मशीन, आणि आम्ही कधी जाणार ही चर्चा तोंडातून शब्दही न काढता रोज चालायची. सुटलो बाबा.

घर ड्रायव्हरच्या नोकरीबरोबरच मिळालंय. नोकरी आहे तोवर घर. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात कपड्यांची तार. तीन भिंती जुन्या, पोपडे आलेल्या. समोरची मात्र नवी कोरी, अजून सिमेंटचा वास येतो. ही म्हणाली, चला, एक तरी भिंत धड दिली.

डोंगरावर दगडाची खाण आहे. तिथून ट्रक भरून उतार उतरायचा आणि खाली खडी फोडायच्या क्रशरवर रिकामा करायचा, एवढंच काम. उताराचा शेवटचा तुकडा नाकासमोर आमच्या दारापर्यंत येतो आणि अंगणाच्या तोंडाशी डावीकडे वळतो. हिने ते पाहिलं आणि विचारलं, हे ट्रक काय आपल्या घरात येणार का? मी म्हटलं, वेडे, म्हणून तर गाडीला स्टिअरिंग लावतात. हसली, पण पडदा लावून घेतला.

मी फार खूश आहे. लिहून ठेवतो, पुढे कधी कुरकुर करायला लागलो तर वाचायला.

मंगळवार, ४

गाडी मिळाली. दहा चाकी, म्हातारी, पण इंजिन ठणठणीत. बाकीचे ड्रायव्हर तिला सासूबाई म्हणतात, कारण ती जागोजागी उसासे सोडते. आजवर मी तेलाच्या ब्रेकच्या लहान गाड्या हाकल्या. हवेच्या ब्रेकचं लायसन नवं, अक्कलही नवी. गॅरेजच्या मिस्त्रीने सकाळभर बसवून शिकवलं. माणूस तुसडा, पण शिकवतो मन लावून.

रात्री जेवताना मी तेच हिला शिकवलं. मागच्या चाकांच्या ब्रेकमध्ये जबरदस्त स्प्रिंगा असतात. त्यांचं काम चाक आवळून धरणं. हवा त्यांना मागे रेटून ठेवते, म्हणून चाक फिरतं. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. म्हणजे पाइप फुटला तरी गाडी पळत सुटत नाही, जागच्या जागी बसते. हिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुमच्यासारखंच की, पोटात काही नसलं की तुम्हीही जागचे हलत नाही.

मिस्त्रीचे नियम: रोज हवेच्या टाकीखालचा नळ उघडून साचलेलं पाणी काढायचं. उतार सुरू होण्याआधी माथ्यावर सपाट जागा आहे, तिथे प्रत्येकाने थांबायचंच. इंजिन बंद करून पेडल दाबून धरायचं, हवेची सुई पडते का बघायचं. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा संपवायची. आधी बझर वाजतो, मग डॅशबोर्डवरचा लाल खटका टक्कन बाहेर येतो आणि स्प्रिंगा लागतात. हे झालं तर गाडी शहाणी. परत हवा भरायची, खालच्या गिअरमध्ये उतरायचं. उतारावर पेडलवर पाय ठेवून बसायचं नाही. घट्ट दाबायचं, सोडायचं, ब्रेकला दम खाऊ द्यायचा. जळका वास आला तर आपण चुकलो.

एक गंमत. हे सगळं त्याने खाली उभं राहून सांगितलं. सासूबाईंच्या केबिनमध्ये काही केल्या चढला नाही. गुडघे दुखत असतील.

शनिवार, ८

हात बसला. मामा म्हणून एक जुना ड्रायव्हर आहे, बहुतेक माझ्या मागेच असतो. सगळे त्याला मामाच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा, बहुधा चुकून. तो म्हणाला, नवखा असून उतारावर घाई करत नाहीस, टिकशील. बरं वाटलं.

आज दुपारी एक विचित्र झालं. सासूबाई आवारात उभ्या होत्या. इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात, मी दहा पावलांवर चहा पीत होतो. केबिनमधून आवाज आला, फुस्स. गळतीचा आवाज बारीक असतो, सतत येतो. हा तसा नव्हता. दाबलेल्या पेडलवरून पाय उचलला की जो येतो, तो. पाय उचलल्याशिवाय तो येतच नाही.

जाऊन बघितलं. कुणी नव्हतं. मिस्त्रीला सांगितलं, तर त्याने पाना पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाला, जुनी गाडी आहे.

मंगळवार, ११

डोकं फिरायची पाळी आलीय.

उताराचा तो सरळ तुकडा जिथे सुरू होतो, त्या शेवटच्या वळणावरून आमच्या घराचं छप्पर दिसतं. भरलेली गाडी घेऊन तिथे आलो आणि लाल खटका टक्कन बाहेर. मागची चाकं जाम. मागून मामा येत होता, त्याने कसाबसा ट्रक आवरला आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सुई पाहिली, हवा पूर्ण. खटका आत दाबला, गाडी मुकाट चालायला लागली. दुसऱ्या खेपेला तिथेच, तेच. तिसऱ्या खेपेलाही. मिस्त्रीने खटका बदलला, पाइप बदलले, पुन्हा तेच.

घरी आलो तर ही फुगून बसलेली. म्हणाली, दुपारी दारात गाडी उभी करता, मी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर येईपर्यंत निघून जाता, एवढी कसली घाई? मी म्हटलं, दुपारी मी वर खाणीत होतो, दुसरं कुणी असेल. तर म्हणते, सासूबाईंचा उसासा मला कळत नाही होय? रोज येतो. काल ठकी बाबा बाबा करत धावत गेली आणि रडत परत आली.

मी विषय बदलला. जेवण गेलं नाही.

गुरुवार, १३

सुपरवायझर साहेबांनी बोलावलं. माझ्यामुळे मागे ट्रकांची रांग लागते, खेपा कमी होतात, क्रशर बसून राहतो. आवाज न चढवता म्हणाले, जमत नसेल तर दोन्ही किल्ल्या ठेवून जा, गाडीची आणि घराची.

दोन्ही किल्ल्या! परत मेव्हण्याची ती खोली? ठकीला पुन्हा सांगायचं, याला हात लावू नको, त्याला हात लावू नको? मर मर राबेन, पण ते नाही.

सोमवार, १७

आजचं कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे.

शेवटच्या वळणाच्या जरा आधी ब्रेकसाठी पाय टाकला. पायाखाली पेडल लागलं नाही. बूट लागला. माझ्या बुटाखाली दुसरा बूट. कडक चवडा, आत पायाची बोटं आवळलेली कळत होती. तो आधीपासूनच पेडल दाबत होता, जीव खाऊन.

मी पाय उचलला. खाली वाकून पाहायची हिंमत झाली नाही. गाडी हळूहळू थांबली, मग खटका, टक्. मागून मामा हॉर्न मारत होता आणि मला हात हलवता येत नव्हता.

मला भीती वाटतेय. चांगलीच.

मंगळवार, १८

ठरवलं. त्याला ही गाडी जाम करायला काही ठेवायचंच नाही.

बंद पडलेला ट्रक ओढून न्यायचा असला की स्प्रिंगा बांधतात. स्प्रिंग ज्यात असते त्या ब्रेकच्या डब्याच्या पाठीतून लांब बोल्ट घालून पिळायचा, की स्प्रिंग आतल्या आत दबून बसते. मग हवा असो नसो, ती चाकाला शिवत नाही. खटका हवा तेवढा बाहेर येऊ दे, चाक जाम होणार नाही. साध्या ब्रेकला काही होत नाही, हवा आहे तोवर तो लागतोच.

मिस्त्री ऐकेना. बांधलेल्या स्प्रिंगांवर भरलेली गाडी उतारावर न्यायची नसते म्हणाला. मला काय कळत नाही? कळतं की! मीच हिला शिकवलंय. पण हवा जाईल कशाला? पाइप सगळे नवे आहेत. शेवटी साहेबांनी हुकूम सोडला, तेव्हा तो गाडीखाली शिरला. बोल्ट पिळताना त्याच्या हातून पाना दोनदा निसटला. बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

बुधवार, १९

एकदाही थांबली नाही! वळणावर खटका बाहेर आला, नुसता टक् करून. चाकं फिरत राहिली. मी त्या रिकाम्या केबिनमध्ये मोठ्याने हसलो. साहेबांनी पाठ थोपटली. घर वाचलं.

माथ्यावरची तपासणी सोडून दिलीय. बांधलेल्या स्प्रिंगांची तपासायची काय? उभी करायची असली की गिअरमध्ये टाकतो आणि चाकांपुढे दगड लावतो. मामाने ते दगड पाहिले, मला काहीतरी विचारणार होता, पण मी दार लावून घेतलं.

बूट आहेच. पेडलवर. नुसता टेकलेला असतो, मी त्याच्यावर पाय ठेवून गाडी चालवतो. सवय होईल.

गुरुवार, २०

सवय होत नाही.

ही सांगते, तो आवाज आता अंगणात येत नाही. समोरच्या खोलीत येतो. नव्या भिंतीच्या आत. दुपारभर, एकामागून एक — फुस्स, फुस्स — कुणीतरी घाईघाईने पाय मारत असल्यासारखा.

म्हटलं, त्या खोलीत झोपू नका. ती म्हणाली, ठकी तिथेच झोपते दुपारची, तिला ती गार भिंत आवडते.

बूट आज पेडल सोडत नव्हता. सारखा वरखाली, वरखाली. सुई पडायला लागली तसं इंजिन रेटून हवा भरली. कसाबसा खाली पोचलो. घाम.

शुक्रवार, २१

माथ्यावर उभा आहे, सपाट जागा संपते तिथे, पुढची चाकं उताराला लागलेली. गाडी भरलेली. इंजिन बंद, पहिला गिअर, चारही बाजूंनी दगड. इथून हलणार नाही.

आज मामाने मला अडवलंच. दगड कशासाठी लावतोस, खरं सांग. मी सांगितलं, स्प्रिंगा बांधल्यात. मग त्याने सांगितलं.

माझ्या आधी सासूबाईंवर जो होता, त्याच्याही स्प्रिंगा बांधल्या होत्या. याच साहेबांच्या हुकमाने, याच मिस्त्रीने, कारण खटका खराब होता आणि खेपा कमी पडत होत्या. उतारावर हवा गेली. शेवटचं वळण घेईपर्यंत त्याने गाडी धरली. मग घाबरला आणि उडी मारली. तो वाचला. गाडी सरळ गेली. स्टिअरिंगवर कुणी नव्हतं, डावीकडे वळवणारं कुणी नव्हतं. समोर घर होतं. त्याचंच. बायको आत होती आणि म्हातारी आई.

तो त्यानंतर फार जगला नाही, मामा म्हणाला. जिथे उडी मारली तिथे रोज जाऊन बसायचा. तिथेच गेला.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? मामा रडायला लागला. म्हणाला, साहेबांनी सगळ्यांना दम दिला होता, आणि आम्हालाही घरं आहेत रे.

म्हणजे तो मला त्रास देत नव्हता. थांबवत होता. रोज, तिथेच. आणि मी —

मामाला खाली पाठवलंय. इथे फोन लागत नाही. त्याने आधी माझ्या घरी जायचं, हिला आणि ठकीला बाहेर काढायचं, मग मिस्त्रीला घेऊन यायचं, पाना घेऊन. बोल्ट काढल्याशिवाय चाक हलवायचं नाही. त्याचीही गाडी भरलेली, खालच्या गिअरमध्ये मुंगीसारखी जाणार. अजून दुसऱ्या वळणावर दिसतेय. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितोय. लिहिलं की जरा बरं वाटतं.

इथून आमचं घर दिसतं, एवढंसं. ही अंगणात कपडे वाळत घालतेय. लाल काहीतरी आहे, ठकीचा फ्रॉक असेल. बाहेर आहे तोवर बरं. बाहेरच थांब ग.

—

फुस्स.

मी पेडलला पाय लावलेला नाही. पाय वर घेऊन बसलोय, सीटवर.

पुन्हा. पेडल आपोआप खाली जातंय, वर येतंय. सुई पडतेय.

हळू आवाजात सांगितलं त्याला — थांब, दादा, मी थांबलोय, गाडी उभी आहे, नको दाबूस. ऐकत नाही. जोरात मारतोय.

—

कळलं. अरे देवा, कळलं.

तो हवा संपवतोय. हवा संपली की स्प्रिंगा लागतील, गाडी जागच्या जागी बसेल — माझ्या तरी मोकळ्या असतील असं त्याला वाटतंय. वाचवतोय तो आम्हाला.

त्याला कसं सांगू, मी बांधल्यात —

ओरडून सांगितलं. बांधल्यात! बांधल्यात रे! ऐकत नाही.

बझर.

—

क्लच दाबून चावी फिरवली, हवा भरू म्हणून. इंजिन घेत नाही. नुसतं घुरघुरतं.

खटका. टक्. काही नाही. चाकांना काही नाही.

पेडल माझ्या पायाखाली मोकळं पडलंय. बूट नाही आता. तो समजतोय झालं, थांबली. गेला.

क्लच सोडला. गिअर धरत नाही, सुटला —

—

दगड वाजतोय चाकाखाली. चुरा होतोय.

सरकली. वीतभर. थांबली. पुन्हा.

अंगणात कोणी नाही. तार भरलीय कपड्यांनी, ही नाही. आत गेली. ठकीची झोपायची वेळ.

मामा तिसऱ्या वळणावर. पोचणार नाही. त्याला चुकवून — डोंगराच्या बाजूने घासत —

दार उघडं आहे माझ्या बाजूचं. जमीन इतकी जवळ आहे. आत्ता उतरलो तर मी —

नाही. डावीकडे. कुणीतरी शेवटी डावीकडे वळवायला पाहिजे, कुणीतरी शेवटपर्यंत

दोन्ही हात लागतील